आजीच्या लक्षवातीतल्या वळायच्या राहिलेल्या ३८,८०० वाती

महालातला_नातू
१० जून, रात्री ११:१५

नमस्कार मंडळी. हा धागा टाकू की नको यावर आठवडाभर घोळ घातला. प्रश्न साधा आहे, पण तो विचारायचा तर आजीबद्दल सांगावं लागतं, आणि आजीबद्दल सांगायला बसलो की माझं लांबतं. कंटाळा आला तर सरळ शेवटच्या परिच्छेदावर या.

आजी गेल्या पितृपक्षात गेली. वय ८७. गेली त्या सकाळीही तिनं वाती वळल्या होत्या. आषाढी एकादशीला तिनं लक्षवात धरली होती, आयुष्यातली चौथी. चातुर्मासाच्या चार महिन्यांत एक लाख वाती, म्हणजे दिवसाला साडेआठशेच्या आसपास. मोजायची तिची पद्धत अशी: दोन पितळी गडवे, त्यातल्या एकात हजार चिंचोके. शंभर वाती झाल्या की जुडी बांधायची आणि एक चिंचोका या गडव्यातून त्या गडव्यात टाकायचा. मागच्या रविवारी देवघराखालचं कपाट आवरताना ते दोन्ही गडवे हाती लागले. मी जमिनीवर बसून मोजले. एकात ६१२, दुसऱ्यात ३८८. शेजारी पत्र्याच्या तीन डब्यांमध्ये जुड्या, वर्तमानपत्राचा कागद घालून थरावर थर लावलेल्या. एका डब्याच्या झाकणात थोडा कापूस होता, पिंजून ठेवलेला. पुढची वात त्यातलीच असणार.

आजीचं माहेर सावनेरकडचं. घरची पऱ्हाटी होती, त्यामुळे कापूस तिला हातानं कळायचा. डोळे मिटून बोटं फिरवली की ओला आहे, कवडीचा आहे की चांगला आहे ते सांगायची. लग्न होऊन नागपूरच्या महाल भागात आली तेव्हा सोबत देवकापसाचं बी घेऊन आली होती. शेतातली पऱ्हाटी वर्षाची, देवकापूस मात्र झाडासारखा वाढतो आणि वर्षानुवर्षं बोंडं देतो. आमच्या मागच्या अंगणात न्हाणीच्या सांडपाण्यावर ते झाड पोसलं. पहिलं वाळलं की त्याच्याच बियांचं दुसरं. सरकी ती बोटानंच काढायची. दुकानचा गुंडाळीचा कापूस जखमेला लावायचा, देवाला नाही, असा तिचा कायदा होता. लहानपणी एकदा झाडाला बोंडं कमी आली म्हणून मी ऐटीत म्हटलं, मी कॉटन मार्केटातून घेऊन येतो. आजी हसत सुटली. "जाय, आन. येतानी वांगे बी आनजो." नागपूरकरांना विनोद कळला असेल. बाहेरच्यांसाठी सांगतो, आमच्या कॉटन मार्केटात भाजी मिळते.

आबाजी, म्हणजे आजोबा, एम्प्रेस मिलमध्ये सूतखात्यात होते. १८७७ ची जमशेटजी टाटांची मिल, त्याचा त्यांना अभिमान फार. जेवताना मशीनच्या गोष्टी सांगायचे, चात्या किती, फेरे किती. आजी पोळी वाढता वाढता म्हणायची, "तुमच्या मिलीत हजार चात्या असन. माह्या घुटण्यावर एकच, पन तिले भोंगा लागत नाही."

पण वाती हा तिचा खरा छंद नव्हताच, ते तर रोजचं. तिची कला दिसायची वस्त्रमाळांमध्ये. महालक्ष्म्यांच्या (पश्चिमेकडच्या मंडळींसाठी: गौरी) गळ्यातली कापसाची वस्त्रं. बाकीच्या घरी सोळा मण्यांची साधी माळ, मधे मधे कुंकवाचा ठिपका, झालं. आजी पोळ्याच्या आधीपासून लागायची. राखुंडी चिमटीत घेऊन कापसाचा पातळ पदर ओढायचा, इतका पातळ की पलीकडचं बोट दिसावं. मग अंगठ्यानं एक पीळ, थोडी जागा सोडून दुसरा पीळ, मधला कापूस फुगवून त्याची कळी. कुठे मोगऱ्याची कळी, कुठे आवळा, कुठे चांदणी. लाल रंग कुंकवाचा, पिवळा हळदीचा. हिरवा कसा करायची ते कोणाला कळू दिलं नाही. मी चौथीत असताना तिनं दोन्ही महालक्ष्म्यांच्या पाठीमागे कापसाचा मोर केला. पिसारा पूर्ण उघडलेला. मानेला रंग हवा होता तर कपड्यांना घालायची नीळ घेतली, पाण्यात कालवून, काडीनं एकेक तंतू रंगवला. माझं काम कंदील धरायचं, कारण दिवे गेले होते. रात्री दोन वाजता ती मोराचा डोळा लावत होती. काळी मोहरी, एक दाणा. तो तीनदा पडला. चौथ्यांदा तिनं तो जिभेवर ओला केला, लावला, आणि मोराकडे बघून म्हणाली, "आता बघ म्हणा आमच्याकडे."

तिसऱ्या दिवशी महालक्ष्म्या उठल्या आणि मोर विसर्जनाला गेला. मी रडलो. आजीला त्याचं काहीच नव्हतं. दरवर्षी नवीन.

तान्ह्या पोळ्याला माझ्या लाकडी नंदीला तिनं कापसाची झूल केली होती, तिला कंपासपेटी मिळाली बक्षीस. कोजागिरीपर्यंत गल्लीतल्या पोरींना गोळा करून भुलाबाईची गाणी, त्यातली निम्मी तिची स्वतःची. भारनियमनाच्या वर्षांतलं एक मला पाठ आहे:

कूलर बंद, पंखा बंद, भारनियमन आलं,
भुलोजीच्या धोतराचं घामानं पाणी झालं!

रांगोळ्या, गोधड्या, ते सगळं होतंच. लिहीत बसत नाही.

आता अडचण बघा. घर आवरायला काढलंय. आजीची आठवण म्हणून काही ठेवावं म्हटलं तर घरात तिनं केलेलं काहीच नाही! रांगोळी पुसली जाते, वात जळते, मोर पाण्यात जातो, गोधड्या आमच्यासारख्या नातवंडांनी मुतून फाडल्या. ५० वर्षं रोज हात चालवणाऱ्या बाईचं उरलं काय, तर ६१,२०० वाती. त्याही अर्ध्या राहिलेल्या व्रताच्या.

म्हणून प्रश्न: अशा राहिलेल्या लक्षवातीचं काय करतात? आई म्हणते, मंदिरात देऊन टाक. आत्याबाई म्हणतात, हात लावू नको. बाबा गप्प आहेत. कोणाला अनुभव असेल तर सांगा.

---

वऱ्हाडी_ठेचा
१० जून, रात्री ११:५२

बाप्पा! रात्रीच्या बारा वाजता रडवलं राजा. मोहरीच्या दाण्यावर थांबलो अन् पुन्हा वाचलं.

आमच्याकडे (अमरावती) आजीनं महालक्ष्म्यांची आंबील केली की घरभर ज्वारीचा आंबूस वास. ती गेल्यापासून आंबील होते, पण तो वास नाही. मोठी आई म्हणते ज्वारीच बदलली. असेल.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर माहीत नाही. जाणकार येतीलच.

---

अनुस्वार
११ जून, सकाळी ७:२०

सुंदर लिहिलंय. एक शंका, पुण्यात वाढल्यामुळे. भुलाबाई म्हणजे आमचा भोंडलाच ना? हत्ती मधे ठेवून फेर धरतात तो?

---

तर्रीपोहे
११ जून, सकाळी ८:०५

@अनुस्वार, बहीण आहे, पण जुळी नाही. तुमच्याकडे हत्ती, आमच्याकडे मातीचे भुलाबाई-भुलोजी, म्हणजे पार्वती आणि शंकर. ज्वारीच्या धांड्यांचा मखर. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर चालते. गाणी झाली की खिरापत, आणि ती काय आहे हे ओळखल्याशिवाय मिळत नाही. डबा कानाशी हलवून बघायचा. आवाज आला तर दाणे-फुटाणे, नाही आला तर शिरा. आमच्या घराजवळ एक काकू मुद्दाम शिऱ्याच्या डब्यात एक सुपारी टाकून आणायच्या, आम्ही सगळ्या फसायचो.

धागाकर्ते, तुमच्या आजीचं गाणं आमच्या इमारतीत यंदा म्हणायची परवानगी आहे का?

---

महालातला_नातू
११ जून, सकाळी ९:३०

@तर्रीपोहे, परवानगी कसली! म्हणा. फक्त दुसरी ओळ म्हणताना टिपरी जोरात मारायची, आजीचा तसा आग्रह होता.

---

उलटतपासणी
११ जून, दुपारी १:१०

सगळे हळवे झालेत म्हणून कोणीतरी वाईटपणा घ्यायला हवा. लेखन चांगलं आहे, वाद नाही. पण मला हे वाचून राग आला. एक बाई, जिच्या बोटांत एवढी कला, ती रात्री दोन वाजता मोर करते, तोही तिसऱ्या दिवशी पाण्यात जाणारा. एक लाख वाती! कशासाठी? घरातल्या किती पुरुषांनी कधी एक तरी वात वळली? आजोबांच्या चात्यांचा पगार होता, आजीच्या चातीचं पुण्य. आपण आज्यांचे कष्ट असे गोड करून सांगतो आणि त्याला भक्ती म्हणतो. शिकू दिलं असतं, चित्रकला शिकवली असती तर?

---

वऱ्हाडी_ठेचा
११ जून, दुपारी १:३४

झालं सुरू. प्रत्येक धाग्यावर हेच करता का हो? माणूस आजी गेल्याचं लिहून राहिला.

---

टांडापेठ_गल्ली
११ जून, दुपारी ४:४५

उलटतपासणी यांचं मला अर्धं पटतं. आम्ही विणकर. माझी आजी आयुष्यभर कांड्या (विणायच्या सुताच्या नळ्या) भरत होती. आजोबा मागावर, ती चरख्यावर. नऊवारी लुगडं विकलं जायचं ते "अमक्याच्या मागाचं" म्हणून. आजीच्या कांडीचा कोणी हिशेब केला नाही, आणि कांडी नीट नसेल तर धागा तुटतो हे विणणाऱ्याला चांगलं ठाऊक असतं.

पण अर्धंच पटतं. कारण काठाचा रंग कोणता घ्यायचा ते आजीच ठरवायची. आजोबा विचारल्याशिवाय ताणा लावत नसत. गिऱ्हाईक समोर असलं की मात्र आजोबाच बोलायचे. मी लहान असताना मला यात काही विचित्र वाटलं नाही. आता वाटतं.

वातींचं म्हणाल तर माझं मत: ठेवून देऊ नका. सूत असो की वात, ठेवलं की कसर लागते.

---

महालातला_नातू
११ जून, रात्री १०:४०

@उलटतपासणी, रागावलो नाही. दिवसभर ऑफिसात हेच डोक्यात होतं. संध्याकाळी आत्याबाईंना फोन लावला आणि तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. त्यांनी जे सांगितलं ते मला ३९ वर्षांत माहीत नव्हतं.

आबाजींना लकवा झाला तेव्हा मी जन्मलो नव्हतो. ते ११ वर्षं अंथरुणावर होते. उजवी बाजू पूर्ण गेलेली. आजी त्यांचं सगळं करायची: अंग पुसणं, कूस बदलणं, भरवणं. घरात दोन दीर, त्यांची मुलं, येणारे जाणारे. पहिली लक्षवात तिनं तेव्हा धरली. आम्हाला वाटायचं, आबाजी बरे व्हावेत म्हणून. सगळे तसंच सांगायचे, शेजारपाजारी कौतुक करायचे.

आत्याबाई तेव्हा कॉलेजात. त्यांनी एकदा विचारलं, आई, एवढं करतेस, त्यात हे कशाला? त्यावर आजी म्हणाली (आत्याबाईंच्या शब्दांत देतो): "व्रत हाय म्हटलं का दुपारी दोन घंटे मले कोनी उठवत नाही. चहा बी कोनी दुसरंच ठेवते. नाही त मले बसू कोन देते वं?"

एक लाख वाती म्हणजे चार महिने रोज दोन-अडीच तास, हक्काचे. देवाच्या नावावर काढलेली सुट्टी. सासूसुद्धा काही बोलू शकत नव्हती. त्या दोन तासांत वाती व्हायच्याच, त्या तिचा हात आपोआप वळायचा. डोकं मोकळं. आत्याबाई म्हणतात, भुलाबाईची गाणी तिनं तिथेच बसून रचली, आणि महालक्ष्म्यांची वस्त्रं कशी करायची तेही तिथेच ठरायचं. चौथी शिकलेली होती, कागदावर काही काढत नसे. सगळं डोक्यात.

म्हणजे तुम्ही म्हणता ते बरोबर की तिला कोणी बसू दिलं नाही. फक्त तिनं त्यावर उपाय शोधला होता. आणि देव तिला खोटा होता असंही नाही, हे पण सांगतो. धापेवाड्याच्या विठोबाला आषाढात चुकली नाही कधी. एसटीत उभं राहून गेली आहे. दोन्ही खरं होतं. मला हे नीट मांडता येत नाहीये.

आणि हो, पुरुषांपैकी कोणी वात वळली का? नाही. मीही नाही. कंदील धरला, तेवढंच.

---

उलटतपासणी
११ जून, रात्री ११:२०

माझे शब्द तिखट झाले, ते मागे घेत नाही. पण आत्याबाईंना नमस्कार सांगा. "मले बसू कोन देते वं" हे वाक्य मी लिहून ठेवलंय.

---

निळी_शाई
१२ जून, सकाळी ६:५०

वाचनमात्र असते, आज लिहिते आहे.

आमच्या घरी वाती नाहीत, महालक्ष्म्या नाहीत. पण हातानं करणारी आजी होती. १४ ऑक्टोबर १९५६ ला ती दहा वर्षांची होती. इंदोऱ्याहून वडिलांच्या खांद्यावर बसून दीक्षाभूमीवर गेली, म्हणजे तेव्हा नुसतं मैदान होतं ते. तिच्या आईकडे पांढरं लुगडं नव्हतं. आदल्या रात्री दोन धोतरं जोडून शिवलं. मधली शिवण दिसू नये म्हणून निरीत लपवली. आजीचं म्हणणं, त्या दिवशी तिला बाबासाहेब नीट दिसलेच नाहीत, एवढी माणसं. दिसली ती आईच्या निरीतली शिवण, कारण ती खाली उतरल्यावर तेच धरून उभी होती.

पुढे आजी कागदाची फुलं करायची. विहारात, जयंतीला, लग्नात. क्रेप कागदाची कमळं, पाकळीला पेन्सिलीवर गुंडाळून बाक द्यायची. पैसे घेत नसे, पण कागद आणून द्यावा लागायचा, आणि स्वस्तातला आणला तर परत पाठवायची. तिचंही काही उरलं नाही. फोटोत मागे फुलं दिसतात, आणि फोटो काढताना सगळ्यांनी माणसांकडेच बघितलंय, फुलं धूसर आली आहेत.

एवढंच सांगायचं होतं.

---

तर्रीपोहे
१२ जून, सकाळी ८:४०

@निळी_शाई, वाचनमात्र राहू नका हो.

---

महालातला_नातू
१२ जून, सकाळी ९:०५

@निळी_शाई, निरीतली शिवण वाचून बसने जायचं होतं ते दोन स्टॉप पुढे गेलो. लिहा, वेगळा धागा काढा. त्या लुगड्याचं पुढे काय झालं?

---

निळी_शाई
१२ जून, दुपारी २:१५

उसवून पुन्हा दोन धोतरं केली. गरज होती.

---

पंचपाळं
१२ जून, रात्री ८:३०

मूळ प्रश्नाकडे येते. मी याज्ञिकांच्या घरातली, वडील पौरोहित्य करायचे. ते सांगत ते लिहिते, प्रत्येक घरची रीत वेगळी असते हे धरून चाला.

व्रत ज्यानं संकल्प केला त्याचं. तो गेला की त्याच्यापुरतं ते झालं. अपुरं राहिलं म्हणून दोष वगैरे काही नाही, कोणी घाबरवलं तर ऐकू नका. झालेल्या वाती त्रिपुरी पौर्णिमेला तुपात भिजवून लावाव्यात. घरातल्या कोणाला उरलेल्या करून एक लाख पुऱ्या करायच्या असतील तर त्यानं आपला संकल्प सोडून कराव्यात. बाई असो की पुरुष. वडिलांना कोणी विचारलं की पुरुषांनी वाती केल्या तर चालतं का, तर ते म्हणायचे, जळायला काही फरक पडत नाही.

एक मात्र व्यवहाराचं. ६१ हजार वाती एकदम लावायच्या तर पितळी परात जाड घ्या आणि अंगणात लावा. ज्वाळा फार मोठी होते. आमच्या ओळखीत एकांनी घरात लावली, छताचा पीओपी काळा.

---

सातासमुद्रापार
१३ जून, पहाटे ३:१०

माझी एक कल्पना. ३८८ चिंचोके उरलेत ना? आपण मंडळावर ३८८ जण जमवू. प्रत्येकानं शंभर वाती वळून पाठवायच्या. आजींचं व्रत सगळ्यांनी मिळून पुरं करू. कशी वाटते?

---

महालातला_नातू
१३ जून, सकाळी ९:४५

@पंचपाळं, मनापासून आभार. आईला वाचून दाखवलं. "जळायला काही फरक पडत नाही" वर बाबा पहिल्यांदा हसले. परात आमच्याकडे आहे, लाडवांची.

@सातासमुद्रापार, कल्पना प्रेमाची आहे, पण आजीला मी ओळखतो. तुमच्या वाती न्यू जर्सीहून आल्या असत्या तर तिनं पाकीट उघडून, एक उचलून, उजेडात धरून म्हटलं असतं, "दुकानचा कापूस हाय." आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या पाकिटवाल्यांच्या वाती संध्याकाळच्या दिव्याला वापरून टाकल्या असत्या. लक्षवातीत धरल्या नसत्या.

याबाबतीत ती फार कडक होती. दोन वर्षांपूर्वी तिचे हात दुखत होते म्हणून मी इतवारीतून महालक्ष्म्यांसाठी तयार वस्त्रमाळा आणल्या. झगमगीत, मण्यांच्या, टिकल्या लावलेल्या. मला वाटलं, सुटका झाली. तिनं हातात घेतल्या, "बेस हाय" म्हणाली. रात्री पाणी प्यायला उठलो तर आजी स्वयंपाकघरात दिवा लावून बसलेली, समोर माझी एक माळ पूर्ण उसवलेली. मला बघून जराही दचकली नाही. "गोंद लावला बाप्पा यानं. देवाच्या गळ्यात चिकटवलेलं घालते का कोनी?" मी काय बोलणार? मग म्हणाली, "पन हा पीळ पाय. उलटा हाय. हे मले नव्हतं सुचलं." आणि ८५ वर्षांची बाई रात्री दीड वाजता तो उलटा पीळ शिकत बसली. त्या वर्षी माळा तिच्याच घातल्या, उलट्या पिळाच्या. माझ्या आणलेल्या दारावर लटकल्या.

त्या वर्षीचा फोटो आहे माझ्याकडे. मोबाईलमधला. निळी_शाई म्हणतात तसंच, माणसं नीट आली आहेत.

---

वऱ्हाडी_ठेचा
१३ जून, सकाळी १०:१०

"देवाच्या गळ्यात चिकटवलेलं घालते का कोनी" 😂 आजी जबरदस्त.

मग ठरलं काय?

---

महालातला_नातू
१५ जून, रात्री ११:५०

ठरलं असं काही नाही, पण काल बसलो.

आत्याबाई आल्या होत्या. त्यांनी झाकणातला कापूस उचलायला नको म्हटलं, मी तो तसाच ठेवला. झाडावरची गेल्या हंगामातली बोंडं एका पिशवीत होती, ती काढली. नुसती सरकी काढण्यातच तास गेला, नखाखाली दुखायला लागलं. मग आत्याबाईंनी दाखवलं. चिमटीभर कापूस, बोटांना राखुंडी, गुडघ्यावर ठेवून तळव्यानं पुढे एकदाच न्यायचा. पुढे-मागे नाही. मी पुढे-मागे करत होतो, म्हणून पीळ सुटत होता. आणि मांडी उघडी हवी, पायजम्यावर वात वळत नाही. हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. आजीचं लुगडं गुडघ्यापर्यंत का सरकवलेलं असायचं ते आत्ता कळलं.

पहिल्या तासात ४० झाल्या. आई स्वयंपाकघरातून येऊन बघून गेली. म्हणाली, "या वाती आहेत की सरगुंडे?" (विदर्भाबाहेरच्यांसाठी: आमरसासोबत खायचा, काडीवर वळून वाळवलेला गव्हाचा प्रकार. जाड असतो.)

हिशेब केला. आषाढी ६ जुलैला. तिथून कार्तिकीपर्यंत दिवसाला सव्वातीनशे पडतात. माझ्या वेगानं रोज आठ तास. नोकरी सोडावी लागेल. पण दुसऱ्या तासाला ५५ झाल्या, आणि त्यात एक गंमत झाली. कोणी मला हाक मारली नाही. बायकोनं मुलीला सांगितलेलं ऐकू आलं, "बाबा वाती करून राहिले, जाऊ नको तिकडे." चहा आला. दोन तास फोन वाजला तरी कोणीतरी दुसऱ्यानंच उचलला.

आत्याबाई माझ्याकडे बघून नुसत्या हसल्या.

यंदा वर्ष व्हायचं आहे म्हणून महालक्ष्म्या आमच्याकडे बसणार नाहीत, काकांकडे बसतील. वस्त्रं कोण करणार विचारलं तर सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. मुलगी म्हणाली, मी करते, मोर करायचा का? ती सात वर्षांची आहे. नीळ आणून ठेवली आहे. हिरवा रंग आजी कसा करायची ते अजून कोडंच. मेथीची पानं, पालक, सगळं करून बघितलं, वाळला की मातकट होतो. कोणाला ठाऊक असेल तर सांगा.

---

टांडापेठ_गल्ली
१६ जून, सकाळी ७:३०

आधी हळदीत बुडवा, वाळवा. मग वरून अगदी फिकी नीळ. एकत्र कालवू नका. आमच्याकडे सुताला आजी तसंच करायची, घरगुती कामापुरतं.

---

महालातला_नातू
१६ जून, सकाळी ७:४१

अरे! दोन्ही डब्या शेजारी शेजारीच असायच्या!!

---

अनुस्वार
१६ जून, सकाळी ९:००

देवकापसाचं बी कुठे मिळेल? पुण्यात गच्चीवर कुंडीत येईल का?

---

महालातला_नातू
१६ जून, रात्री १०:२०

@अनुस्वार, सरकी काढली तेव्हाचं ओंजळभर बी आहे. पत्ता व्यनि (खासगी निरोप) करा, पोस्टानं पाठवतो. मृग लागलंय, आत्ता लावलं तर धरेल. रात्रभर भिजवायचं, शेणात घोळायचं, बोटाच्या एका पेराएवढं खोल. कुंडी मोठी घ्या, तेलाच्या डब्याएवढी तरी. पहिल्या वर्षी बोंडं थोडीच येतील.

@निळी_शाई, तुम्हालाही हवं असेल तर सांगा. वातीच केल्या पाहिजेत असं नाही.

आज रात्रीपर्यंत चार चिंचोके.